पाहुणे येणार, पण पायऱ्यांचं काय?

२६ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ. मी सातवीचे चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि आमच्या मोठ्या वन्सं मेथी निवडता निवडता मोबाइलवर बातम्या ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "अगं, ठरलं बघ! २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला."

"हो का?" मी म्हटलं. हातातलं लाल पेन काही थांबलं नव्हतं.

"मी जाणार."

आता मात्र ते थांबलं.

"बघायला जाणार गं, खेळायला नव्हे," त्या हसून म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पुण्याहून अहमदाबाद म्हणजे एका रात्रीचा प्रवास. पण आमच्या वन्संना कसबा गणपतीच्या दर्शनाला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि देऊळ आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर!

वन्संचा जन्म १९७३ चा. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यामुळे आपल्या मुलांना हा आजार फक्त 'दो बूंद'च्या जाहिरातीतून ठाऊक. वन्संच्या वयाच्या कितीतरी जणी मात्र तो अंगावर घेऊन जगल्या. लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि काखेत कुबड्या, एवढ्यावर त्यांनी शाळा केली, बीएस्सी केलं, आणि पुढे घरीच शिकवण्या घेऊन निम्म्या आळीला गणित शिकवलं. चाळिशीनंतर खांदे बोलायला लागले आणि व्हीलचेअर आली. व्हीलचेअर आली खरी, पण आमच्या ओट्याला दोन उंच दगडी पायऱ्या, दाराला हा एवढा उंबरठा. म्हणजे बाहेर जायचं तर उचलून न्यायचं. ह्यांनी एका बाजूनं धरायचं, शेजारच्या भावजींनी दुसऱ्या. बाईमाणसानं अशा वेळी पदर सावरायचा, खुर्चीचा दांडा घट्ट धरायचा, की समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे बघून हसायचं? एक दिवस वन्सं म्हणाल्या, "राहू दे, मी घरूनच नमस्कार करते." आम्हीही "बरं" म्हटलं. खोटं कशाला सांगू, जरा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

त्यामुळे "मी जाणार" हे ऐकल्यावर मला पहिली आठवण अहमदाबादची झाली नाही. आमच्या ओट्याची झाली.

पेपर तपासून झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. एवढे शेकडो अपंग खेळाडू देशोदेशींहून एकाच गावात येतात, त्यांची सोय कोण आणि कशी करतं? आपल्याकडे एक कार्य निघालं तरी गुडघे दुखणाऱ्या मावशींना तळमजल्याची खोली, मधुमेहवाल्या काकांचा चहा वेगळा, हे सगळं वहीत लिहावं लागतं. मग इथे काय होत असेल? वाचत गेले तसं लक्षात आलं, की ही वही जगाला फार सावकाश लिहिता आली. पानापानावर खाडाखोड आहे.

सुरुवात अगदी साधी. लुडविग गुटमान नावाचे ज्यू डॉक्टर १९३९ मध्ये जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आले. स्टोक मँडेविल इथल्या रुग्णालयात युद्धात पाठीच्या कण्याला मार बसलेले जवान त्यांच्याकडे होते. अशा रुग्णाला तेव्हा कुणी फार दिवसांचा सोबती धरत नसे. गुटमान साहेबांनी त्यांना अंथरुणातून उठवून खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, म्हणजे लंडनच्या ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात तिरंदाजीची स्पर्धा झाली. खेळाडू सोळा. त्यांत दोन बायका होत्या, हे मी वन्संना मुद्दाम वाचून दाखवलं.

पुढे १९६० मध्ये हे खेळ रोमला गेले, तेही ऑलिंपिकच्याच मैदानांवर. चारशे खेळाडू आले. आणि झालं काय, तर लिफ्ट असलेल्या इमारती ऐन वेळी मिळाल्या नाहीत. मिळाली ती खांबांवर उभी केलेली, जिने चढून जायची घरं! मग इटलीच्या सैनिकांना बोलावलं आणि त्यांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वर-खाली नेलं. हे वाचताना वन्सं काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पदक गळ्यात घातलं असेल, तरी खाली उतरताना चार माणसं लागलीच असतील ना?"

मला वाटतं, सगळा प्रश्न इथेच आहे. उचलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, ते कुणी नाकारत नाही. पण आपल्या घरी आलेल्या पाहुणीला मोरीपर्यंत जायला चार जणांना हाक मारावी लागली, तर ती पाणी प्यायचीसुद्धा कमी करेल. वन्सं लग्नाकार्याला जायच्या ना, तेव्हा सकाळपासून चहा घ्यायच्या नाहीत. का, ते मला लग्न होऊन या घरात आल्यावर चार वर्षांनी कळलं.

आता आपल्या माणसाची गोष्ट. मुरलीकांत पेटकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला, तो त्यांच्यावरच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरकडचे पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पायांतली शक्ती गेली. पोहणं उपचार म्हणून सुरू झालं आणि त्यातून १९७२ मध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. वेळ ३७.३३ सेकंद, तो तेव्हाचा विश्वविक्रम. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, भारतासाठी एकट्याच्या खेळातलं हे पहिलं सोनं, आणि ते आणणारा मराठी माणूस. नंतर त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. हिशेब तुम्हीच करा.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. पेटकरांनी पदक मिळवलं ते जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी. ऑलिंपिक त्या वर्षी होतं म्युनिकला. मग अपंगांचे खेळ हायडेलबर्गला का? तर म्युनिकच्या क्रीडाग्रामातली घरं खेळ संपल्यावर लगेच खासगी राहण्यासाठी द्यायची होती. बांधकामाची घाई होती, त्यामुळे या पाहुण्यांना जागा नव्हती! हायडेलबर्गच्या विद्यापीठानं आपली मैदानं दिली, देशाचे राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान उद्घाटनाला आले आणि खेळ छान पार पडले. पण मोठ्या घरात जागा नाही म्हणून पाहुण्यांना धाकट्या जावेकडे पाठवावं, तसंच ते झालं.

असं एकदा नाही झालं. १९६८ मध्ये मेक्सिकोनं अडचणी सांगितल्या, म्हणून खेळ तेल अवीवला गेले. १९८० मध्ये मॉस्कोनं नकार दिला, तेव्हा नेदरलँड्समधल्या आर्नेमनं बोलावलं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडे पैसे जमले नाहीत, आणि व्हीलचेअरवरचे खेळाडू ऐन वेळी पुन्हा त्या जुन्या स्टोक मँडेविलला माहेरी आल्यासारखे आले. त्या वर्षीच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या भीमराव केसरकरांनी भालाफेकीत रौप्यपदक मिळवलं. आज किती जणांना हे नाव आठवतं कोण जाणे. ऑलिंपिकच्याच शहरात, ऑलिंपिकच्याच मैदानांवर हे खेळ नेमानं व्हायला लागले ते १९८८ च्या सोलपासून.

तयारी म्हणजे काय, हे खरं शिकावं १९६४ च्या टोकियोकडून. तिथे बाहेरच्या देशांतले खेळाडू आले आणि जपानी लोक चकित झाले. हे पाहुणे नोकऱ्या करणारे, संसार असलेले, संध्याकाळी बाजारात फेरफटका मारणारे! यजमान जपानचे स्वतःचे खेळाडू मात्र बहुतेक रुग्णालयांतून आणि संस्थांतून आलेले. डॉ. युताका नाकामुरा यांना हा फरक इतका लागला, की पुढच्याच वर्षी त्यांनी बेप्पू गावी 'सूर्याचं घर' नावाची संस्था काढली. अपंगांनी तिथे काम करायचं आणि कमावून खायचं. पाहुणे परत गेले, पण यजमानांच्या घरात बदल करून गेले.

आपल्याकडेही हळूहळू सवय होते आहे. २००९ मध्ये बेंगळुरूला व्हीलचेअरवरच्या आणि हातपाय गमावलेल्या खेळाडूंचे जागतिक खेळ झाले. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत अपंगांच्या स्पर्धा होत्याच. राष्ट्रकुलची एक गोष्ट मला आवडते. तिथे हे खेळ मागाहून, मांडव अर्धा सोडल्यावर होत नाहीत. २००२ च्या मँचेस्टरपासून ते सगळ्यांच्या बरोबरीनं होतात आणि पदकं देशाच्या एकाच यादीत मोजली जातात. म्हणजे पंगत एकच.

आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिल्लीला जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. शंभरावर देश आले, धावपट्टी नवी घातली, आपण २२ पदकं मिळवली. आमच्याकडे तेव्हा नवरात्र होतं, घट बसलेले होते. वन्सं एका हातानं वाती वळत मोबाइलवर भालाफेक बघत होत्या. मला वाटतं, जायचं ते तिथेच मनात आलं असावं.

अशा खेळांची कामं ऐकलीत तर तुम्हाला मजा वाटेल. प्रत्येक खेळाडूला किती आणि कुठे अडचण आहे हे आधी तपासून त्याचा वर्ग ठरवावा लागतो. नाहीतर एक हात नसलेला आणि एक डोळा अधू असलेला यांची शर्यत लावायची कशी? व्हीलचेअर दुरुस्तीचं वेगळं दुकानच थाटतात. ऑटोबॉक नावाची जर्मन कंपनी १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये हे करत आली आहे. चाक मोडो, कृत्रिम पायाचा स्क्रू ढिला होवो, कुठल्याही देशाचा खेळाडू असो, दुरुस्ती फुकट. अंध धावपटूंबरोबर डोळस सोबती पळतो, दोघांच्या हातात एक छोटी दोरी. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूत खुळखुळा असतो, आणि त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून प्रेक्षकांनी चेंडू खेळात असेपर्यंत गप्प बसायचं! आपल्या लोकांना हे शिकवायचं तर चार वर्षंसुद्धा पुरतील की नाही, शंका आहे. २०१६ च्या रिओच्या खेळांत तर पदकंसुद्धा वाजणारी केली होती. हलवून बघितलं की अंध खेळाडूला कळावं, हे सोनं की कांस्य. सोन्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

हे झालं खेळाडूंचं. पण वन्संसारखे प्रेक्षक? मैदानात जाणारी वाट उताराची असली आणि स्टेशनापासून मैदानापर्यंतची वाट पायऱ्यांची असली, तर तिकीट काढून उपयोग काय? २०२४ मध्ये पॅरिसला खेळ फार देखणे झाले, पण तिथली भुयारी रेल्वे इतकी जुनी, की फक्त एकच मार्ग व्हीलचेअरला पूर्णपणे सोयीचा होता. पॅरिसची ही गत, तर आमच्या कसब्यानं काय लाजावं?

तरी कसब्याला आता मेट्रो आहे हं! २०२४ च्या सप्टेंबरअखेर फडके हौदाजवळचं कसबा पेठ स्थानक सुरू झालं. लिफ्ट आहे, अंधांसाठी उंचवट्याच्या फरश्या आहेत, डब्यात व्हीलचेअरला जागा आहे. वर्षभर मी त्यातून शाळेत जात होते, आणि वन्संना हे सगळं वर्णन करून सांगत होते. घेऊन मात्र गेले नव्हते. हे मला त्या मेथीच्या संध्याकाळी सुचलं, त्याची लाज वाटली.

मग आम्ही मोजमापं काढली. शिवणाची टेप घेतली. वन्संची खुर्ची सव्वीस इंच रुंद. पुढचं दार अठ्ठावीस इंच, म्हणजे बोटं खरचटणार. नियम असा, की दार तीन फुटांचं हवं आणि खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा हवी. उताराचा हिशेब वन्संनीच करून दाखवला, मुलांना शिकवावा तसा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमच्या दोन पायऱ्या मिळून चौदा इंच, म्हणजे उतार चौदा फुटांचा. तो थेट समोरच्या वाड्याच्या ओट्याला जाऊन टेकणार!

"मग?" ह्यांनी विचारलं.

"मग अर्ध्या लांबीची फळी करू, आणि मागून धरायला एक माणूस," वन्सं म्हणाल्या. "उचलायचं नाही. धरायचं."

तुम्हाला करायची असेल तर सांगते. आम्ही जाड प्लायवूडची सात फुटांची फळी घेतली, दोन्ही कडांना दीड इंचाच्या पट्ट्या ठोकल्या म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही, वरच्या टोकाला ओट्यात अडकेल असा लोखंडी आकडा, आणि पृष्ठभागावर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. खाली येताना खुर्ची उलटी, पाठीकडून उतरवायची आणि धरणारा खाली उभा. एकट्यानं अशा चढाच्या फळीवरून जायचं नाही, हे मात्र नक्की. त्यासाठी पुरा लांब उतारच हवा. उंबरठा सुतारानं काढला. सासूबाई हयात असत्या तर काय म्हणाल्या असत्या, असा विचार मनात आला. पण दिवाळीला लक्ष्मीची पावलं काढायची ती आता सपाट फरशीवर काढू.

पहिल्या रविवारी निघालो. वाड्यापासून स्थानकाच्या लिफ्टपर्यंत माझी मोजून तीनशे ऐंशी पावलं, पाच मिनिटांचा रस्ता. आम्हाला लागली पस्तीस मिनिटं. गटाराचं एक झाकण दोन इंच वर. दोन ठिकाणी स्कूटर अशा लावलेल्या, की पदपथ आहे हे सांगायला लागावं. एक वाळूचा ढीग. एका स्कूटरच्या मालकाला मी हाक मारली, तर तो वरून गॅलरीतून म्हणाला, "दोन मिनिटं थांबा की!" तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "अरे, तू माझ्याकडे नववीचं गणित शिकलास ना?" तो जिन्यावरून धावतच आला. प्रत्येक स्कूटरवाल्याला कुणी गणित शिकवलेलं नसतं, एवढंच.

लिफ्टमधून खाली गेलो. दार उघडलं, चाक फळाटावरून सरळ डब्यात. कुणी हात लावला नाही. वन्संनी खुर्चीचा ब्रेक लावला आणि शिवाजीनगर येईपर्यंत काचेतून अंधाराकडे बघत बसल्या. भुयारात बघण्यासारखं काय असतं? मी विचारलं नाही.

सगळंच असं गोड झालं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही शहरातल्या एका सभागृहात गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो. फोनवर आधी विचारलं होतं, "उतार आहे ना?" "आहे ना, बाई!" उतार होता. त्यावर कुंड्यांची रांग मांडली होती आणि मधे साखळी लावून कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला. अपंगांसाठी म्हणून जे स्वच्छतागृह होतं, त्यात मोडक्या खुर्च्या आणि झाडू रचलेले. वन्संनी त्या दिवशी सकाळपासून चहा घेतला होता, मी आग्रह केला म्हणून! मध्यंतरात आम्ही घरी परत आलो. रिक्षात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मला त्या दिवशी वाटलं, संपलं, आता पुन्हा अकरा वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही मागितली. पहिल्या पानावर लिहिलं, 'विचारायचे प्रश्न'. उतार आहे का, हा प्रश्न खोडून त्याजागी लिहिलं, 'उतार आत्ता मोकळा आहे का? किल्ली कोणाकडे? तो जेवायला केव्हा जातो?' स्वच्छतागृहाबद्दल सहा प्रश्न आहेत. दार बाहेर उघडतं की आत, हासुद्धा. कारण आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही, हे मला पन्नास वेळा सांगूनही कळलं नव्हतं. शेवटच्या पानावर अहमदाबादच्या आयोजकांसाठी पत्राचा मसुदा आहे. पहिलं वाक्य, 'मी खेळाडू नाही, प्रेक्षक आहे.' पुढे अपंग लिहायचं की दिव्यांग, यावर ह्यांचं आणि त्यांचं थोडं वाजलं. वन्सं म्हणाल्या, "नाव काय हवं ते ठेवा रे, पण कुंड्या हलवा."

मैत्रिणींनो, तुमच्याकडे हळदीकुंकू असेल आणि बिल्डिंगमध्ये, आळीत अशी कुणी असेल, तर आमंत्रण देताना टेप घेऊन जा. खोलीत जागा नसेल तर सतरंजी खाली पार्किंगमध्ये घाला. आम्ही या संक्रांतीला हळदीकुंकू ओट्याखालीच केलं, गल्लीत, स्कूटर हलवून. तांबट आळीतल्या एक आजी वॉकर घेऊन आल्या. म्हणाल्या, दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाकडे आले. वाण म्हणून वन्संनी प्रत्येकीला एकेक शिवणाची टेप दिली. काही जणी हसल्या, पण दोघींनी तिथल्या तिथे आपापल्या दाराचं माप घरी फोन करून मागवलं.

कसबा गणपतीला जाऊन आलो, तेही सांगून टाकते. आता अहमदाबादच्या गाडीची चौकशी चालू आहे. पाच तास, सात तास गाडीत बसायचं तर खांदे काय म्हणतात ते आधी बघायला हवं, म्हणून मे महिन्यात नाशिकला धाकट्या वन्संकडे जाऊन यायचं ठरलंय. धाकट्या वन्संना पत्र गेलं आहे, सोबत प्रश्नांची यादी. उत्तर आलं: दार तीस इंच, मोरीला पायरी एक, ती फोडायला गवंडी बोलावला आहे.

फळीला रंग द्यायचा राहिला आहे. मी करडा म्हणत होते, ओट्याच्या दगडाशी जुळेल असा. वन्संना लाल हवा आहे.